पावसाळ्यात रेझिनचे भाग फसफसतात, चिकट राहतात: व्हॅक्यूम पंप घेण्याआधी हे तपासा

उन्हाळ्यात स्वच्छ निघणारी चाकं, सीट, एक्झॉस्ट जूनमध्ये पाऊस लागला की बिघडायला लागतात. बेळगावात, आणि त्याहून जास्त खानापूर-जांबोटीच्या पट्ट्यात, विमानांची स्केल मॉडेल करणाऱ्यांची ही दर वर्षीची रड. अथणीकडच्या कोरड्या हवेत हा त्रास कमी. इथं लिहिलंय ते सिलिकॉनच्या साच्यात घरी ओतायच्या दोन भागांच्या पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रेझिनबद्दल. इपॉक्सीचा स्वभाव वेगळा, ते इथं धरलेलं नाही.

आपलं दुखणं यांतलं कुठलं ते आधी ओळखा:

- ओतल्यावर थोड्याच वेळात रेझिन साच्याच्या तोंडातून फुगून वर येतं, आणि निघालेला भाग आतून जाळीदार, हाताला हलका लागतो.
- भाग वरून ठीक दिसतो, पण पॉलिश पेपर मारला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.
- दर वेळी तोच एक कोपरा तुटका येतो: सीटच्या डोक्याची कड, लँडिंग गिअरचं टोक.
- भागावर बाहेरच्या बाजूला बारीक पुळ्या येतात.
- पृष्ठभाग चिकट राहतो, किंवा मध्येच मऊ चट्टे राहतात.
- जाड भाग कडक होतो, पण अँटेना, पिटॉट ट्यूब (विमानाचा वेग मोजायची नळी) असा पातळ भाग दुसऱ्या दिवशीही रबरासारखा वाकतो.

ही सगळी एकाच रोगाची लक्षणं नाहीत. लोक सरसकट 'बबल आले' म्हणतात आणि थेट व्हॅक्यूम पंपाची किंमत विचारतात. पंप ओतताना अडकलेली हवा काढतो. ओल काढत नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यातला गुन्हेगार बहुतेक वेळा ओलच असते.

कारण असं, की पीयूच्या एका भागात आयसोसायनेट असतं. त्याला दुसऱ्या भागातल्या पॉलिऑलशी जुळायचं असतं, पण पाणी मिळालं तर ते पाण्याशीही जुळतं, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाण्याच्या एका थेंबातून साधारण ६० ते ७० मिलिलिटर वायू तयार होऊ शकतो. १/७२ स्केलच्या सीटला रेझिन लागतं एक मिलिलिटरसुद्धा नाही. आता हिशेब करा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: वाळू ओली राहिली की वाफेनं कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं पडणार, तिथं रायझर (जादा धातू साठवायची साच्यातली जागा) मोठा करून काही होत नाही.

आधी नुसतं बघा

बिघडलेला भाग फेकू नका. रेझर सॉनं मधोमध कापा आणि भिंगाखाली धरा. आतपर्यंत सगळीकडे सारख्या बारीक पोकळ्या असतील तर ओल. मोजक्याच, मोठ्या, गुळगुळीत गोल पोकळ्या आणि त्याही ओततानाच्या वरच्या बाजूला असतील तर अडकलेली हवा. बाहेर आलेल्या पुळ्या म्हणजे दोष रेझिनचा नाही, साच्याचा. सिलिकॉनमध्ये बुडबुडा राहिलाय आणि रेझिन त्यात शिरलंय. मऊ चट्टे म्हणजे माप किंवा ढवळणं चुकलंय. याला एक पैसा लागत नाही, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या इथंच वाचतात.

कपात ओतून बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. साचा बाजूला ठेवा. औषधाच्या बाटलीवर येतो तसला कोरडा प्लॅस्टिकचा कप घ्या, त्यात नेहमीच्या मापानं थोडं रेझिन कालवा आणि तसंच राहू द्या. कपातच फसफसलं तर ओल रेझिनमध्ये, रंगात किंवा ढवळायच्या काडीत आहे. कपात घट्ट, स्वच्छ चकती झाली तर रेझिन निर्दोष. दोष साच्यात किंवा ओतण्यात शोधायचा. दोन्ही बाजू एकदम तपासत बसलात तर महिना जातो आणि रेझिनही संपतं.

निपाणीच्या एका पोराचा मागं फोन आला होता, "काका, पंप ऑनलाइन बघून ठेवलाय, घेऊ का?" म्हटलं, "अरे, आधी कपात ओत आणि फोटो पाठव." फोटोत कपाबाहेर आलेला फेस होता. कागदी चहाचा कप आणि आइसक्रीमची काडी. पंपाचे पैसे वाचले.

तर काडी आणि कप. लाकूड आणि कागद पावसाळ्यात हवेतली ओल धरून बसतात, हाताला कोरडे लागले तरी. स्टीलचा चमचा किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा, कप पॉलिप्रॉपिलीनचा. मेडिकलच्या दुकानात दोन्ही मिळतं. रंग घालत असाल तर तो पाण्यातला ॲक्रिलिक नाही ना, बघा. मॉडेलवर मारायचा रंग थेंबभर घालून करडं रेझिन करायची युक्ती बरेच जण करतात, आणि तो थेंब पाण्यातला असला की वर सांगितलेला हिशेब लागू. रेझिनसाठी बनवलेली पिगमेंट पेस्ट घ्या, नाहीतर रंग घालूच नका. शेवटी वरून प्रायमर बसणारच आहे.

टाल्कम पावडरचंही तसंच. साच्यात चिमूटभर टाल्क भुरभुरवून जादा झटकून टाकली की रेझिन बारीक कोपऱ्यांत नीट शिरतं, ही युक्ती खरी आणि मी ती सोडत नाही. पण हल्लीच्या बऱ्याच बेबी पावडरीत टाल्कऐवजी मक्याचा स्टार्च असतो, आणि स्टार्च ओल धरतो. डब्यामागचं वाचून घ्या.

बाटल्या

कपातली चाचणी कोरड्या कपात, स्टीलच्या चमच्यानं, बिनरंगाची करूनही फसफसली, तर बाटल्यांकडे वळा. आयसोसायनेटच्या बाटलीत तळाला पांढरा साका किंवा वर पापुद्रा दिसतोय का? असेल तर तिनं ओल खाल्ली. थंडीत दिसणारे खडे मात्र वेगळी गोष्ट. काही आयसोसायनेट गारठ्यात खडे धरतात आणि उबेत ठेवल्यावर पुन्हा पातळ होतात. बाटलीवर लिहिलेल्या तापमानापलीकडे नेऊ नका म्हणजे झालं. पॉलिऑलकडे लोक दुर्लक्ष करतात. ते हवेतली ओल गुपचूप पितं आणि दिसायला काहीच बदलत नाही. म्हणून एका बाटलीवर ठपका ठेवण्याआधी, ओळखीच्या कुणाकडे त्याच रेझिनची ताजी बाटली असेल तर एकेक भाग आलटूनपालटून कपात करून बघा.

बाटल्यांची निगा सोपी आहे. मोठा डबा आणला की पाऊस सुरू व्हायच्या आत रेझिन लहान, कोरड्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत हवाच कमी राहते. झाकण पुसून लावा. सगळ्या बाटल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रिजमध्ये नको: बाहेर काढून उघडलं की गार बाटलीत हवेतलं पाणी धरतं, आणि तसंही खाण्याच्या वस्तूंशेजारी ही चीज असता कामा नये.

एक धोका नोंदवून ठेवा. ज्या आयसोसायनेटमध्ये पाणी गेल्याचा संशय आहे ती बाटली गच्च बंद करून ठेवू नका. आत वायू साठत राहतो आणि बाटली फुगते, फुटूही शकते.

माप आणि ढवळणं

चिकट आणि मऊ राहण्यामागं नव्वद टक्के वेळा हेच असतं, असं मी अंदाजानं म्हणतो, मोजून नाही. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, ते बघा. आयसोसायनेट पॉलिऑलपेक्षा जड असतं. आकारमानानं एकास एक असलेलं रेझिन वजनकाट्यावर एकास एक घेतलंत तर आयसोसायनेट कमी पडतं. आकारमानाचं माप असेल तर दोन सिरिंज घ्या, प्रत्येक भागाला वेगळी, आणि त्यांवर मार्करनं लिहा. वजनाचं असेल तर एक दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाच-पाच ग्रॅमची खटपट करू नका; तिथं काट्याच्या एका आकड्याची चूक म्हणजे दोन टक्के. एका वेळी वीसेक ग्रॅम कालवता येतील इतके साचे तयार ठेवा, चूक आपोआप लहान होते.

ढवळण्याआधी पॉलिऑलची बाटली हलवा. कालवताना कपाच्या भिंती आणि तळ खरवडा, मग सगळं दुसऱ्या कपात ओतून पुन्हा थोडं ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं न कालवलेलं रेझिन साच्यात जातं आणि तेच मऊ चट्टे होऊन निघतं. जोरात फेटायचं नाही, हवा शिरते.

साचा कोरडा आणि कोमट

साबणानं धुतलेला साचा कापडानं पुसून कोरडा होत नाही. पॅनल लाइनच्या खाचांत, चाकाच्या हबमध्ये पाणी राहतं. मी पत्र्याच्या जुन्या डब्यात चाळीस वॉटचा तारेचा बल्ब बसवलाय. एलईडी इथं उपयोगाचा नाही, आपल्याला उष्णताच हवी. आत थर्मामीटर, तापमान ४५-५० अंश, साचा तासभर आत. बल्ब कशालाही टेकणार नाही असा लावा, थिनरची बाटली त्या खोलीत नको, आणि डबा चालू ठेवून बाजारात जाऊ नका.

कोमट साच्याचा दुसरा फायदा पातळ भागांना. रेझिन घट्ट होताना स्वतःची उष्णता तयार करतं, पण ती जाड भागातच साठते. अर्ध्या मिलिमीटरच्या अँटेनात साठायला रेझिनच नसतं, म्हणून ती रबरी राहते. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी हे हमखास होतं. साचा कोमट करून ओता, आणि निघालेला भाग त्याच डब्यात काही तास सपाट ठेवून पक्का करा. मात्र कोमट साच्यात रेझिन लवकर धरतं. ज्याला तीन मिनिटं मिळायची त्याला दोनच मिळतील हे धरून चला.

कसं ओतता

कप स्वच्छ, साचा कोरडा, तरी एकच कोपरा तुटका येत असेल तर हवेला निघायला वाट नाही. फाउंड्रीतला नियम इथंही तोच: धातू खालून भरत यावा, हवा वरून निघावी.

इजेक्शन सीटचं उदाहरण घेऊ. मी मारुतसाठी ओततो. एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं लढाऊ विमान एचएफ-२४ मारुत, कुर्ट टँकनं आखलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. याची किट आणि सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणूनच तर हा खटाटोप. सीट साच्यात सरळ उभी ठेवली तर डोक्याच्या दोन्ही कडा सगळ्यात वर येतात आणि हवा तिथं जाऊन बसते. उलटी केली की डोकं तळाला जातं, बसायच्या भागाची खालची बाजू वर येते. ती बाजू कॉकपिटमध्ये चिकटल्यावर दिसत नाही. ओतायचं तोंड तिथंच. पण आता पायाकडची पुढे आलेली कड खिशासारखी हवा धरते, कारण रेझिन तिच्या आधी वर पोचतं. तिथून वर उघडणारी एक बारीक वाट ठेवायची: मास्टरलाच, म्हणजे ज्यावरून साचा करायचा त्या मूळ नमुन्यालाच, केसाहून थोडी जाड प्लॅस्टिकची ताणलेली काडी चिकटवून साचा करायचा, म्हणजे वाट आयती मिळते. तयार साच्यात करायची झाली तर जाड सुई आरपार घालून फिरवा. नुसतं टोचलं तर सिलिकॉन मिटतं.

ओतताना साचा तिरका धरा, रेझिन एका बाजूनं बारीक धारेनं सोडा. कोपऱ्यांत आधी टूथपिकनं रेझिन लावून घ्या. भरल्यावर साचा दोन बोटांत दाबून सोडा, दाबून सोडा, टेबलावर हलके आपटा. चाकासारख्या चपट्या भागाला बंद साचा लागतच नाही. उघड्या साच्यात ओतून वरून प्लॅस्टिकची पट्टी एका कडेनं टेकवत आणा, हवा पुढे ढकलली जाते.

साचाच खराब असेल तर

इथून पुढं खर्च आहे, म्हणून ही तपासणी उशिरा. पुळ्या येत असतील तर साचा नवा करावा लागेल. आधी मास्टरवर ब्रशनं सिलिकॉनचा पातळ थर, मग उरलेलं उंचावरून बारीक धारेनं. चिकटपणा साच्याच्या ठरावीक जागीच येत असेल आणि तिथलं सिलिकॉनही बोटाला ओलसर लागत असेल, तर ते सिलिकॉन धरलेलंच नाही. साच्याचं सिलिकॉन दोन प्रकारचं, प्लॅटिनमनं धरणारं आणि टिननं धरणारं. प्लॅटिनमवालं गंधकाला आणि न पक्क्या झालेल्या रेझिनला घाबरतं. गंधक असलेली प्लॅस्टिसिन, लेटेक्सचे हातमोजे, नीट न धुतलेला आणि यूव्हीत न पक्का केलेला थ्रीडी प्रिंट, यांपैकी काहीही पुरतं. मास्टरच्या न दिसणाऱ्या बाजूला थेंबभर सिलिकॉन लावून दुसऱ्या दिवशी बघा, मगच पूर्ण साचा करा.

टिनवालं सिलिकॉन एवढं नाजूक नाही, स्वस्तही आहे. पण ते धरताना अल्कोहोल सोडतं आणि ते पीयूला बाधतं. नव्या टिन साच्यातली पहिलीच कास्टिंग चिकट निघाली तर घाबरू नका. साचा एक दिवस उघडा ठेवा. जुना टिन साचा वर्षांनी आकसतो, मग सीट कॉकपिटमध्ये सैल बसते. तो टाकून द्यायचा.

पंप आणि प्रेशर पॉट

सगळं करून तुरळक बुडबुडे राहत असतील तरच. व्हॅक्यूम पंप हा सिलिकॉनसाठी घ्या, रेझिनसाठी नाही. तीन मिनिटांत धरणारं रेझिन पंपाखाली उकळत बसलं तर ओतायला वेळच उरत नाही. सिलिकॉन व्हॅक्यूममध्ये तिपटी-चौपटीनं फुगून मग खाली बसतं, तेव्हा भांडं मोठं ठेवा.

बाहेरच्या व्हिडिओंत गेजनं २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवलंच पाहिजे असं सांगतात, आणि इथले लोक नवा पंप परत पाठवतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथल्या हवेचाच दाब साडेसत्तावीस इंचांच्या आतबाहेर, म्हणजे उत्तम पंपही त्याच्या वर दाखवू शकत नाही. सव्वीस-सत्तावीस दिसत असेल तर पंप ठीक आहे.

रेझिनसाठी उपाय प्रेशर पॉट, म्हणजे दाबानं हवा भरायचं बंद भांडं. दाबाखाली बुडबुडे इतके बारीक होतात की दिसत नाहीत. बहुतेक हौशी लोक ४० पीएसआय (दाबाचं माप) च्या आसपास काम करतात. मात्र तोच साचाही दाबाखालीच धरलेला हवा. साध्या हवेत केलेल्या साच्यातले बुडबुडे दाबाखाली पिचकतात आणि भागावर पुळ्या उठतात.

इथं थांबा

घरातल्या कुकरचा प्रेशर पॉट करू नका. तो १५ पीएसआयच्या आसपासच्या वाफेसाठी बनवलेला असतो, कॉम्प्रेसरच्या हवेसाठी नाही. पत्र्याची टाकी घरी वेल्ड करणं त्याहून वाईट. पॉट तयार घ्या, त्यावर कमाल दाबाची पट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असला पाहिजे. जुना घेतलात, झाकण वाकलेलं वाटलं किंवा त्यावर कुठं वेल्डिंग झालंय असं दिसलं, तर प्रेशर व्हेसलचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून पाण्याची दाबचाचणी करून घेतल्याशिवाय त्यात हवा भरू नका. पाण्याची का, तर टाकी फुटली तरी पाणी स्फोट करत नाही, दाबलेली हवा करते.

ताजी बाटली, कोरडा कप, बरोबर माप असूनही कपात फसफसतंय, तर पुढे खपू नका. बाटलीवरचा बॅच नंबर घेऊन विक्रेत्याकडे जा. आणि चाळीस-पन्नास सारखी चाकं हवी असतील तर मास्टर करून ओतकाम व्यावसायिक कास्टरला द्या. आपला साचा तेवढ्यात फाटतो.

पीयू मिळत नाही म्हणून फायबरच्या दुकानातून पॉलिएस्टर रेझिन आणणाऱ्यांसाठी: कोबाल्ट (रेझिन लवकर धरायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, हार्डनर त्यानंतर. दुकानदार सांगेलच असं नाही.

शेवटचं थांबणं शरीरासाठी. आयसोसायनेटची ॲलर्जी बसू शकते आणि एकदा बसली की पुढं थोड्या वाफेनंही दमा उठतो. एन-९५ मास्क घासताना उडणारी भुकटी अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. पावसाळ्यात खिडक्या बंद करून ओतायचा मोह होतो, तो टाळा. हातमोजे नायट्रिलचे. ओतल्यावर, किंवा त्या रात्री झोपेत, खोकला येतोय, छाती आवळतेय, शिट्टीसारखा आवाज येतोय असं एकदा जरी झालं तरी काम बंद करा आणि छातीच्या डॉक्टरांकडे जा. जाताना दोन्ही बाटल्यांच्या लेबलांचा फोटो न्या, आणि आयसोसायनेट हा शब्द आपण होऊन सांगा. त्यांनी हो म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणाकडून भाग ओतून घ्या.